कॅसेट रिवाइंड करून देणारी घरं

चंद्रप्पांनी उभ्या आयुष्यात कुणाची पत्रिका पाहिली नाही. एखादं घर कसं आहे हे ओळखायला त्यांना एकच गोष्ट पुरायची: त्या घरातून कॅसेट रिवाइंड होऊन परत येते की नाही.

लातूरच्या गोलाई चौकातून फुटणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचं ‘सिद्धेश्वर व्हिडिओ’ एकोणनव्वद साली उघडलं. कॅसेट संध्याकाळी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आणून द्यायची, असा नियम होता. पिक्चर पाहून झाल्यावर टेप उलटी फिरवून पुन्हा सुरुवातीला आणणं, हे चार मिनिटांचं काम. पण ते स्वतःसाठी करायचं नसतं, कारण आपला पिक्चर तर पाहून झालेला असतो. ते करायचं असतं आपल्यानंतर कॅसेट नेणाऱ्या अनोळखी माणसासाठी. माणसाच्या स्वभावाची याहून स्वच्छ परीक्षा चंद्रप्पांना माहीत नव्हती. शिवाय ही परीक्षा चालू आहे हे गिऱ्हाइकाला कळायचंही नाही.

प्रत्येक सभासदाचं एक कार्ड असे. पुढच्या बाजूला नाव, पत्ता आणि नेलेल्या पिक्चरांची नावं. मागच्या बाजूला चंद्रप्पा प्रत्येक वेळी तारीख टाकून पेन्सिलीनं एक खूण करत. रिवाइंड केलेली कॅसेट आली तर पूर्ण गोल, नाही तर अर्धा.

त्यांच्याकडे चार-पाचशे घरांची कार्डं आहेत आणि त्या घरांत कोण काय पाहतं हे त्यांना ठाऊक आहे, म्हटल्यावर लोक सोयरिकीच्या चौकशीला येऊ लागले. उदगीरहून, निलंग्याहून, पार देगलूरहूनसुद्धा माणसं यायची, काउंटरवर वाकायची आणि आवाज खाली करून विचारायची, “घर कसं काय हाय?” चंद्रप्पा आत जाऊन कार्ड उलटं करून बघत. गोल पूर्ण असतील तर बाहेर येऊन म्हणत, “डोळे झाकून करा.” अर्धे असतील तर जरा थांबत आणि मग म्हणत, “माणसं बरी हायेत. पण पुढच्याचा विचार करणारं घर न्हाई.”

यापुढे ते एक शब्द सांगत नसत. विचारणाराही विचारत नसे. एवढं बोलून गप्प बसणाऱ्या माणसाला काहीतरी भयंकर माहीत असणार, असं धरून तो मुकाट्यानं बसस्टँडकडे चालू लागे.

पुढे सीडी आली. सीडी रिवाइंड करावी लागत नाही, हे पहिल्या दिवशी लक्षात आलं तेव्हा चंद्रप्पा दुकानात बराच वेळ नुसते बसून राहिले होते. काही महिने त्यांनी चरे मोजून पाहिले. पण चरा पोरांमुळे पडतो, मशीनमुळे पडतो, त्यावरून घराण्याबद्दल काही ठरवता येईना. सीडीमागून पेनड्राइव्ह आले, आणि मग पिक्चर फोनमध्येच यायला लागले. गिऱ्हाईक गेलं याचं त्यांना वाईट वाटलंच. पण चौकशीला येणारी माणसं थांबली, हे जास्त लागलं.

“आता एक भाग संपला की दहा सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो,” ते बायकोला, नागम्माला सांगत. “माणसाला काई करायचंच न्हाई. मंग माणूस कळायचा कसा?”

“मला आधी माझी मालिका कळू द्या,” नागम्मा म्हणत. त्यांच्या हातातल्या फोनवर चौथा भाग चालू असे.

दुकान मात्र बंद झालं नव्हतं. लोक आता आपापल्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी घेऊन येत आणि चंद्रप्पा त्या पेनड्राइव्हवर उतरवून देत. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. त्यामुळे गेल्या सात-आठ वर्षांत चंद्रप्पांनी चारेकशे लग्नं मुहूर्तापासून पाठवणीपर्यंत पाहिली होती, आणि एकाही ठिकाणी जेवले नव्हते.

हे सगळं असंच चाललं असतं. पण नागम्मांच्या भावानं, संगप्पानं, अक्षरासाठी नांदेडचं स्थळ आणलं.

अक्षरा ही चंद्रप्पांची एकुलती एक मुलगी. एम.एस्सी. करून लातुरातच एका क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवायची. बोलायची कमी, आणि बोलली की समोरच्याला वही काढावीशी वाटायची. मुलगा मृत्युंजय, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा. दोघं दोनदा भेटली, आणि त्यानंतर दोन महिने रोज फोनवर बोलत होती. कशावर हसतात हे नागम्मांना कळत नव्हतं, पण अक्षरा हसते हेच त्यांना नवीन होतं. आता फक्त बापांनी भेटून तारीख काढायची राहिली होती.

“मुलाचे वडील वीरण्णा,” एका रविवारी संगप्पा सहज म्हणाला. “नोकरीनिमित्त चार-पाच वर्षं आपल्या लातुरातच होते की. टाकीकडच्या गल्लीत.”

चंद्रप्पांनी चहाचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि रविवार असून दुकान उघडलं. तासाभरानं परत आले तेव्हा त्यांच्या हातात चारशे बारा नंबरचं कार्ड होतं.

“जमायचं न्हाई,” ते म्हणाले.

नागम्मांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. “काय झालं?”

“सेहेचाळीस वेळा कॅसेट नेली. त्यातले एकोणचाळीस अर्धे गोल.”

“अहो, चोवीस-पंचवीस वर्षं झाली त्याला.”

“स्वभाव कुठं जातो?”

अक्षरा दारात उभी राहून ऐकत होती. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. तिनं कार्ड मागून घेतलं आणि खिडकीजवळ जाऊन दोन्ही बाजू वाचल्या.

“अप्पा, मला मृत्युंजयशीच लग्न करायचंय,” ती म्हणाली. “पण तुम्ही नको म्हणताय ते एका मोजमापावरून म्हणताय. तर ते मोजमाप मला तपासू द्या. सगळी कार्डं हवीत.”

“तपास की,” चंद्रप्पा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं काम मनावर घेत होतं, त्यामुळे त्यांना आतून थोडं बरंही वाटलं.

चार दिवस अक्षरा क्लास सुटल्यावर दुकानात येऊन बसली. तिनं कार्डांचे दोन गठ्ठे केले, मग त्यांचे आणखी दोन-दोन केले. चंद्रप्पा शेजारी कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता पाहत बसायचे आणि मधूनच तिच्याकडे चोरून बघायचे. चौथ्या दिवशी तिनं बापाला जवळ बोलावलं.

“अर्धे गोल जास्त असलेली त्रेसष्ट घरं निघाली, सगळी अठ्ठ्याण्णव ते दोन हजार दोनमधली,” ती म्हणाली. “त्यातली एकसष्ट टाकीकडची आहेत. मठाकडच्या बाजूला दोनच.”

“मंग बरोबर हाय. आपण मठाकडचे. इकडची माणसं चांगली.”

“मध्ये एक रस्ता आहे, अप्पा. चाळीस फुटांचा. तो ओलांडला की माणूस वाईट होतो?”

“तिकडची माणसं पहिल्यापासूनच तशी.”

“बरं. मग हे बघा.” तिनं दुसरा गठ्ठा पुढे केला. “टाकीकडच्या या वाईट माणसांचे जुलै ते सप्टेंबर बहुतेक गोल पूर्ण आहेत. वीरण्णांचे सातही पूर्ण गोल याच महिन्यांतले. म्हणजे टाकीकडची माणसं पावसाळ्यात सुधारायची आणि दिवाळीनंतर परत बिघडायची. सगळी एकदम. दरवर्षी.”

चंद्रप्पांनी चष्मा काढून पुसला. हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. “श्रावणामुळं असंल,” ते म्हणाले. “लोक जरा धरमानं वागतेत.”

“मठाकडच्या लोकांना श्रावण नव्हता?”

नेमके त्याच वेळी सटवाजी वायरमन लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन दुकानात आले. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण भागातल्या प्रत्येक खांबाची त्यांना अजून माहिती होती. अक्षरानं त्यांना स्टूल दिलं आणि विचारलं, “सटवाजीकाका, अठ्ठ्याण्णव ते दोन हजार दोन या काळात टाकीकडची लाइट कधी जायची?”

“सकाळी,” सटवाजी विचारही न करता म्हणाले. “सहा ते साडेदहा. तुमच्या मठाकडची दुपारी जायची. लाइन येगळी होती ना. पावसाळ्यात मातर काई न्हाई. शेतातल्या मोटारी बंद असायच्या, लाइट भरपूर.”

ते कॅसेट ठेवून गेले. अक्षरानं वीरण्णांचं कार्ड गठ्ठ्याच्या वर ठेवलं.

“सकाळी लाइट नव्हती,” अक्षरा म्हणाली. “लाइटशिवाय रिवाइंड होत नाही. आणि दहाच्या आत कॅसेट परत करायची, हा तुमचाच नियम.”

चंद्रप्पा असे सहजासहजी हार मानणारे नव्हते. “सकाळचं कशाला सांगतीस? पिक्चर संपल्या संपल्या करायचं. त्या टायमाला तर लाइट होती.”

अक्षरा उठली. मागच्या फळीवरून तिनं एक जुना कॅसेटचा डबा काढला, धूळ पुसली आणि त्यांच्यासमोर धरला. डब्यावर तांबड्या स्केचपेननं, चंद्रप्पांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘पिक्चर संपल्यावर मशीन गरम असते. लगेच रिवाइंड करू नये. सकाळी करावे. हुकमावरून.’

शेजारच्या डब्यावरही तेच होतं. त्याच्या शेजारच्याही. सगळ्या फळीवर तेच लिहिलेलं होतं.

“म्हणजे टाकीकडं,” अक्षरा सावकाश म्हणाली, “ज्यांनी तुमचं ऐकलं, त्यांना अर्धा गोल मिळाला. ज्यांनी न ऐकता गरम मशीनवर रिवाइंड केलं, त्यांना पूर्ण.”

चंद्रप्पांनी डबा हातात घेऊन तांबड्या अक्षरांवरून बोट फिरवलं. समोरच्या पडद्यावर कुठलीशी वरात अर्ध्या वाटेत थांबून नाचत होती.

“त्या पाच वर्षांत टाकीकडची किती स्थळं मोडली मी?” शेवटी त्यांनीच विचारलं.

“ते कार्डावर लिहिलेलं नाही. तुम्हालाच आठवावं लागेल.”

त्यांनी बोटं मोजली. सहा झाली. चार घरांची नावं आठवली, दोन आठवेनात.

पुढच्याच रविवारी चंद्रप्पा, नागम्मा आणि अक्षरा नांदेडला गेले. लग्नाला होकार द्यायचा, असं चंद्रप्पांनी गाडीत बसायच्या आधीच जाहीर केलं होतं आणि वाटेत पुन्हा दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा कुणी विचारलं नसताना.

वीरण्णा उंच, जाड मिशांचे आणि दिलदार निघाले. “शरणार्थ, शरणार्थ,” असा हात जोडून नमस्कार करत त्यांनी चंद्रप्पांना जवळजवळ उचलूनच सोफ्यावर बसवलं. मृत्युंजयनं पाणी आणलं आणि अक्षराच्या समोरची, पण भिंतीला टेकलेली अशी खुर्ची निवडली. समोर मोठा टीव्ही चालू होता आणि त्यावर अर्धवट पाहिलेल्या पिक्चरांची एक रांगच्या रांग दिसत होती. चंद्रप्पांनी न राहवून मोजले. चौदा होते.

“हे सगळे अर्धेच सोडले का?” त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

“झोप लागती हो,” वीरण्णा मोकळेपणानं म्हणाले.

अक्षरानं बापाकडे एकदा पाहिलं. चंद्रप्पांनी टीव्हीकडे पाठ होईल असं बसून घेतलं.

तेवढ्यात आतून एक बाई चिवड्याच्या बशा घेऊन आल्या. “ही माझी धाकटी बहीण, महामाया,” वीरण्णा म्हणाले. “बिलोलीला शाळेत मुख्याध्यापिका आहे. खास तुमच्यासाठी आली. लातुरात होतो तेव्हा तुमच्या दुकानात कॅसेट द्यायला हीच यायची.”

“आठवतंय का, काका?” महामाया म्हणाल्या. “मी कॅसेट दिली की तुम्ही कार्डाच्या मागं काहीतरी काढत बसायचात. मला वाटायचं, यांना चित्रकलेची हौस दिसते.”

चंद्रप्पांच्या घशात चिवडा अडकला. नागम्मांनी पाणी पुढे केलं.

“लातूर चांगलं होतं आपलं,” वीरण्णा सांगत राहिले. “एकच गोष्ट मनाला लागून राहिली. हिचं उदगीरचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. साडीसुद्धा घेऊन झाली होती. ऐन वेळी कुणी काय कान भरले देव जाणे, त्यांनी नकार कळवला. कारण काई सांगितलं न्हाई.”

चंद्रप्पांना पाचवं नाव सापडलं होतं.

त्यांनी अक्षराकडे पाहिलं. ती बशीतले शेंगदाणे एका बाजूला काढत होती आणि वर बघत नव्हती. तिलाही कळलं होतं. गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. तारीख निघेल, जेवण होईल, लग्नही होईल. सांगितलं तर लेकीचं हे घर इथल्या इथे हातचं जाईल. पण पुढे वर्षानुवर्षं या माणसाच्या घरी येऊन, या बाईंच्या हातचा चहा पीत बसायचं, हेही त्यांना दिसत होतं.

“ते स्थळ मी मोडलं,” चंद्रप्पा म्हणाले.

मग त्यांनी कारण सांगायला घेतलं. सुरुवात त्यांनी एकोणनव्वद सालापासून, दुकानाच्या उद्घाटनापासून केली. नागम्मा दोनदा म्हणाल्या, “मुद्द्याचं बोला.” शेवटी गाडी सटवाजी वायरमन आणि गरम मशीनपर्यंत आली तेव्हा वीरण्णांचा चेहरा तांबडा झाला होता.

“म्हणजे आम्ही तुमचं ऐकलं, म्हणून अर्धा गोल?”

“हाव.”

“आणि ज्यांनी ऐकलं न्हाई?”

“त्यांना पूर्ण.”

“आमच्या बाबांनी घरात सक्त ताकीद दिली होती,” वीरण्णा उठून उभे राहिले. “दुकानदारानं लिहिलंय ते पाळायचं. मी एकदा रात्रीच रिवाइंड करायला गेलो तर माझ्या पाठीत धपाटा घातला होता. पस्तिशीच्या माणसाला. आणि तुम्ही आम्हाला पुढच्याचा विचार न करणारे ठरवलं? मग असल्या घरात पोरगी कशाला देऊन राहिलात?”

मृत्युंजय खुर्चीच्या अगदी कडेला आला होता. अक्षरानं बशी टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. ते हात तिनं इतके घट्ट धरले होते की चंद्रप्पांना तिकडे बघवेना.

“दादा, बस,” महामाया म्हणाल्या. शाळेतल्या सवयीनं त्या इतक्या हळू बोलल्या की वीरण्णा खरोखरच बसले. मग त्या चंद्रप्पांकडे वळल्या. “उदगीरचा तो मुलगा मला आवडला होता, काका.”

चंद्रप्पांनी मान खाली घातली.

“नंतर बिलोलीचाही आवडला,” त्या म्हणाल्या. “ते वेगळं. पण मधली दोन वर्षं मी आरशात बघून माझ्यात काय वाईट आहे ते शोधत होते. ते मशीन गरम होतं म्हणून, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्यासारखे अजून किती आहेत?”

“तुम्हाला धरून सहा. एका घराचं नाव आठवत न्हाई.”

“म्हणजे राहिले चार. त्यांना सांगितलंत?”

“न्हाई. लाज वाटते.”

“इथं आमच्यासमोर वाटली नाही?”

“लई वाटली.”

महामायांनी चिवड्याच्या बशा गोळा करून बाजूला ठेवल्या. “मग आता सवय झाली असेल. फोन काढा. चौघांनाही करा, आवाज मोठा ठेवून. त्यानंतर दादा तारखेचं बोलेल.”

वीरण्णा काही म्हणणार होते, पण बहिणीकडे बघून त्यांनी मिशी चोळली.

नंबर संगप्पाकडून मागवावे लागले. पहिला रामकिशन यांचा लागला. चंद्रप्पांनी फोन दोन्ही हातांत धरला. “रामकिशनराव, मी चंद्रप्पा बोलून राहिलो. लातूरचा. सिद्धेश्वर व्हिडिओ.”

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. मग आवाज आला, “ती कॅसेट आमच्याकडं न्हाई.”

“कॅसेटचं न्हाई हो, मी—”

“धाकट्याकडं असंल. वाटण्या झाल्या तवा टीव्ही त्याच्याकडं गेला, त्याच्यासंगं कॅसेट गेली. त्यालाच विचारा.” फोन बंद झाला. तिसऱ्या खेपेला उचलला तेव्हा चंद्रप्पांनी आधी कॅसेट माफ असल्याचं सांगितलं आणि मग मुद्द्यावर आले. रामकिशन यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्यांच्या बहिणीला हे आजच कळवतील, ती अजून नकार देणाऱ्या मुरुडच्या लोकांना शिव्या देते.

दुसरा फोन कस्तुराबाईंनी घेतला. “सिद्धेश्वर व्हिडिओ?” त्या म्हणाल्या. “अजून शोधून राहिले का तुम्ही? माळ्यावर हाय बघा, फक्त डबा फुटलाय. गहू चाळून झाले की काढते.” त्यांना लग्नाची गोष्ट समजावून सांगायला दहा मिनिटं गेली, आणि समजल्यावर त्या जे बोलल्या त्यातलं निम्मं कानडीत होतं. नागम्मांना ते कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

तिसऱ्यानं नाव ऐकताच फोन बंद करून टाकला. मृत्युंजय खोकल्यासारखा काहीतरी आवाज करत आत पाणी प्यायला गेला आणि त्याच्या मागोमाग अक्षराही ग्लास घेऊन गेली. वीरण्णांनी कपाळाला हात लावला होता. खांदे हलत होते.

चौथे वैजनाथ. त्यांनी मध्ये एकदाही न अडवता सगळं ऐकलं: अर्धा गोल, टाकीकडची लाइन, डब्यावरचा हुकूम, त्यांच्या मुलाचं मोडलेलं स्थळ, चंद्रप्पांची माफी. चंद्रप्पा थांबले तरी ते काही बोलेनात.

“वैजनाथराव?”

“ऐकून राहिलो,” वैजनाथ विचारपूर्वक म्हणाले. “म्हणजे कॅसेट परत नको?”

“नको हो.”

“मग राहू देतो.”

वीरण्णा आता उघडउघड हसत होते आणि डोळे पुसत होते. महामायांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून भावाच्या मांडीवर ठेवलं. “मे महिना चालेल का, विचार पोरीला,” त्या म्हणाल्या.

“सुरुवातीला मुलांची परीक्षा असते,” आतून अक्षराचा आवाज आला. “त्यानंतर कधीही.”

वीरण्णांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. चंद्रप्पांनी तिसरा नंबर पुन्हा लावला, आणि या वेळी उचलल्या उचलल्या म्हणाले, “फोन ठेवू नका. कॅसेट तुम्हाला दिली. आता माझं ऐका.”